‘कालिया मर्दन’ : बालकांचे अद्भुत आणि कृष्णाकाठची नाट्यदृष्टी

दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट १९१९ साली प्रकाशात आला. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची ही निर्मिती; आणि तीत बालकृष्णाची भूमिका केली ती फाळक्यांच्या सहा-सात वर्षांच्या कन्येने, मंदाकिनीने. त्यानंतर बोलपट आला, रंगीत चित्रपट आला, संगणकाने घडविलेली मायासृष्टीही आली. ज्या करामतींनी १९१९ चा प्रेक्षक थक्क झाला असेल, त्या आज शाळकरी मुलालाही उघड दिसतात. असे असूनही हा चित्रपट केवळ संग्रहालयातील अवशेष झालेला नाही. त्याचा जो मोठा भाग सुदैवाने उपलब्ध आहे, तो पाहताना आजचाही प्रेक्षक हसतो, किंचित धास्तावतो, आणि डोहातून कृष्ण वर येतो तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकतो. करामत जुनी झाली, आकर्षण मात्र जुने झाले नाही, असे का व्हावे, हा समीक्षेपुढील खरा प्रश्न होय.

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले उत्तर श्रद्धेचे. रामकृष्ण पडद्यावर अवतरताच प्रेक्षक हात जोडीत, अशा आठवणी फाळकेयुगाविषयी वारंवार सांगितल्या जातात. आणि पौराणिक चित्रपटाचे सारे यश भाविकांच्या भोळेपणात साठविलेले होते, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. दुसरे उत्तर नवलाईचे. हलणारे चित्र हेच त्या काळी आश्चर्य होते. मग त्यात कृष्ण असो वा कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार असोत. ही दोन्ही उत्तरे अगदीच निराधार नाहीत. परंतु ती १९१९ मधील गर्दीचे कारण सांगतात, टिकून राहिलेल्या आकर्षणाचे नव्हे. नवलाई तर काही वर्षांतच ओसरते. आणि ज्या मुलाला कृष्णकथा धर्मकथा म्हणून ठाऊकही नाही, तेही या चित्रपटात रमू शकते. तेव्हा आकर्षणाचे बीज कृतीच्या रचनेतच शोधले पाहिजे.

या शोधाला सातारा-सांगलीचा कृष्णाकाठ विशेष उपयोगी पडतो. चित्रपट तेथला नव्हे, हे खरेच. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि ‘कालिया मर्दन’ची निर्मिती नाशिकची, या कृतीवर सांगलीचा साक्षात प्रभाव पडला असे म्हणण्यास आधार नाही. तथापि खेळाला खेळ म्हणून ओळखूनही त्यात पूर्णपणे बुडून जाण्याची जी दृष्टी या चित्रपटाने गृहीत धरली आहे, तिची तीन स्पष्ट रूपे या एकाच नदीच्या खोऱ्यात पाहावयास मिळतात : सांगलीची आद्य रंगभूमी, वाळवे तालुक्याच्या मातीतून वर आलेली गवळण, आणि बत्तीस शिराळ्याची नागपंचमी. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी शिराळे व वाळवे हे प्रदेश सातारा जिल्ह्यातच मोडत असत. प्रशासनाने आखलेली ही सीमा या परंपरांच्या विचारात आड येत नाही.

चित्रपटाच्या आरंभापासूनच सुरुवात करावी. ‘कालिया मर्दन’ कृष्णाने सुरू होत नाही. तो एका मुलीने सुरू होतो. मंदाकिनीचा चेहरा पडद्यावर येतो आणि ती एकामागून एक निरनिराळे भाव दाखविते. प्रेक्षकाने तिच्या अभिनयगुणाची पारख करावी, असा त्यामागचा हेतू उघड आहे. त्यानंतर तीच मुलगी कृष्णवेषात दिसते आणि कथा सुरू होते. ज्या दिग्दर्शकाला प्रेक्षकाच्या भोळेपणावरच विसंबायचे असते, तो हे कधीही करणार नाही. हा देव नव्हे, ही एक लहान मुलगी आहे, ती आता देव होणार आहे, एवढे सारे फाळके प्रथमच सांगून टाकतात. येथे हेही लक्षात घ्यावे की फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यासाठी घेत. हातचलाखीचा पूर्ण अभ्यास असलेला हा मनुष्य आपल्या सर्वांत मोहक चित्रपटाचा आरंभ गुपित फोडून करतो. यास अपघात म्हणता येणार नाही.

या आरंभाला मराठी नाट्यपरंपरेत नाव आहे : पूर्वरंग. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीता स्वयंवर’ सादर केले. सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिल्यावर तशाच प्रकारचा, परंतु अधिक सुसंस्कृत खेळ मराठीत व्हावा अशी इच्छा दर्शविली, आणि त्यातून हा प्रयोग उभा राहिला. या नाटकांत प्रथम सूत्रधार येई. त्याच्याशी विदूषकाच्या थट्टामस्करीचे भाषण होई. मग गजाननाचे आणि मोरावर बसलेल्या सरस्वतीचे आगमन घडे, आणि त्यानंतर कथेस आरंभ होई. पदे सूत्रधाराने म्हणावीत, पात्रांनी त्यास अनुसरून भाषणे करावीत आणि राक्षसांनी आरडाओरड करीत रंगभूमी दणाणून सोडावी, असा हा खेळ असे. प्रेक्षकांच्या देखतच विदूषक सूत्रधाराची खोडी काढी. आणि तरीही पुढे राक्षस आला की लहान मुले आईच्या पदरात तोंड लपवीत असतील, यात शंका नाही. रंगभूमीवरील राक्षस हा गावातलाच कोणी गृहस्थ आहे, हे ज्ञान भयाच्या आड येत नसे. उलट त्या ज्ञानामुळेच भय सोसण्याजोगे होई आणि सोसण्याजोगे झाल्यामुळेच ते हवेसे वाटे.

काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे शंकुकाच्या चित्रतुरगन्यायाचे स्मरण होईल. चित्रातील घोडा पाहताना ‘हा घोडा आहे’ असे जे ज्ञान होते, ते यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशयात्मक नव्हे आणि केवळ सादृश्याचेही नव्हे. ते या चारांहून निराळे असे ज्ञान होय. शंकुकाच्या अनुकृतिवादाचे भट्टतोत व अभिनवगुप्त यांनी पुढे खंडन केले असले, तरी हे एक निरीक्षण आजही मोलाचे आहे, आणि बालप्रेक्षकाच्या बाबतीत तर ते विशेषच खरे ठरते. इंग्रज कवी कोलरिज याने १८१७ साली काव्यास्वादाची जी उपपत्ती सांगितली, तिच्यात वाचक आपला अविश्वास काही काळ आपखुशीने दूर ठेवतो. परंतु मुलाला असा त्याग करावा लागत नाही. भातुकलीत मातीचा भात वाढणारी मुलगी तो भात खात नाही, आणि ‘जेवण कसे झाले’ असे विचारल्यावर हसतही नाही. तिच्या ठायी जाण आणि खेळ ही दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे जागी असतात. ‘कालिया मर्दन’चा पूर्वरंग प्रौढ प्रेक्षकाला या अवस्थेत परत नेतो आणि मुलाला त्याच्या स्वतःच्या भूमीवर भेटतो.

चित्रपटाच्या पूर्वार्धात कृष्ण आणि त्याचे सवंगडी यांच्या खोड्या आहेत. एका स्त्रीने सवंगड्याच्या अंगावर पाणी टाकून त्याचा अपमान केला, तेव्हा त्याची परतफेड होते; लोण्याची चोरी होते; रात्री एका श्रीमंत दांपत्याच्या शयनगृहात शिरून कृष्ण नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस एकत्र बांधून ठेवतो. देवत्वाचा येथे मागमूस नाही. गावातले एक धीट पोर मोठ्यांच्या जगाला कसे जेरीस आणते, एवढाच या भागाचा विषय.

हे गोकुळ मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचे होते ते भागवतापेक्षाही तमाशाच्या फडातून. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. त्यांच्यासारख्या शाहिरांनी गाजविलेल्या तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण व पेंद्या अडवितात, मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते, आणि पुराणातील यमुनाकाठ बघता बघता कृष्णाकाठच्या गावाची शीव होऊन जातो. गवळणीतला कृष्ण मात्र तरुण असतो आणि त्याच्या थट्टेला शृंगाराची धार असते. फाळक्यांनी गवळणीची रचना कायम ठेवली, वाट अडविणे, चोरी, तक्रार, जिरविणे हे सारे ठेवले, आणि तरुणाच्या जागी मूल आणून शृंगार काढून टाकला. शृंगार गेल्यावर मागे उरले ते लहानांनी मोठ्यांवर मिळविलेल्या विजयाचे निर्भेळ सुख. बालचित्रपटाच्या दृष्टीने हा फेरफार निर्णायक आहे. कारण दाढी आणि केस यांची गाठ ज्या मुलाने पाहिली, त्याला पुढे डोहात उडी घेणारा कृष्ण हा आपल्यातलाच एक वाटतो.

वेषांतराचाही एक पदर येथे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामतीची भूमिका पुरुषाला करावी लागली. ‘लंका दहन’ (१९१७) मध्ये साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. नागठाण्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर त्याच काळात सारा महाराष्ट्र लुब्ध होता. ‘कालिया मर्दन’मध्ये हा क्रम उलटला : मुलगी मुलगा झाली, आणि तो मुलगा देव. कोणाची उणीव भरून काढण्यासाठी केलेली ही सोय भासत नाही. लहान मुलांच्या खेळात कोणीही काहीही होऊ शकते, या न्यायाने ती सहज घडते.

उत्तरार्ध डोहाचा आहे. कृष्ण उडी घेतो. पाण्याखाली नागाशी झुंज चालते. काठावर यशोदा, नंद आणि गोकुळवासी आक्रोश करतात. एकदा पाण्याखालचे, एकदा काठावरचे, अशी दृश्ये आलटून पालटून येतात. येथे नाग कापडाचा वा कागदाचा आहे, हे कोणालाही दिसते. तरीही चित्ताची ओढ सैल पडत नाही, याचे कारण नागात नसून काठावर आहे. बुडालेले मूल आणि नदीच्या काठावर उभी असलेली आई या चित्राला करामतीची गरज नसते. महाबळेश्वरी उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड या मार्गाने सांगलीकडे जाणाऱ्या कृष्णेच्या काठी हे चित्र पुराणातले राहत नाही. वाईच्या घाटांवर जिचा उत्सव होतो ती कृष्णाबाई आणि कऱ्हाडास जिला कोयना भेटते ती नदी एकच. तीच भिलवडी-औदुंबराच्या परिसरात मगरींची नदी असते, आणि तेथे माणसांवर हल्ले झालेले आहेत. पाण्यात काय आहे ते दिसत नाही, आणि मूल पाण्याकडे धावते, हा अनुभव ज्या काठाने घेतला आहे, त्याला कालियाच्या खरेपणाची चर्चा करावीशी वाटणार नाही. फाळक्यांनी अद्भुत डोहात ठेवले आणि वास्तव काठावर. आणि या दोहोंच्या सततच्या अदलाबदलीतून वात्सल्य व विस्मय एकमेकांना बळ देत राहिले.

झुंजीचा शेवट अधिक विचार करण्याजोगा आहे. कालिया मारला जात नाही. नागपत्नींच्या विनवणीनंतर कृष्ण त्याला अभय देतो आणि त्याला वश करून वर येतो. राक्षसवधाने संपणाऱ्या कथांहून ही कथा त्यामुळे वेगळी पडते. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा विचार या ठिकाणी उद्बोधक ठरतो. या गावी जिवंत नाग पकडून मडक्यांत ठेवावेत, त्यांची पूजा व मिरवणूक करावी आणि मग त्यांना रानात सोडून द्यावे, अशी प्रथा दीर्घकाळ होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या आधारे पुढे उच्च न्यायालयाचे आदेश झाले, जिवंत नागांच्या पूजेवर बंधने आली आणि प्रतिमापूजेकडे वळावे लागले. प्रथेच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न निराळा. तिच्यातील भाव मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. नाग भयंकर आहे, म्हणून त्याला मारावयाचे नाही. त्याच्यासमोर जाऊन, त्याचे भय स्वीकारून, त्याला पुन्हा त्याच्या स्थानी पोहोचवावयाचे. ‘कालिया मर्दन’ मुलाला हेच देतो. भयाचे निर्मूलन होत नाही. भयाशी नाते जुळते. मुलाची रात्रीची भीती एका वधाने संपत नाही, ती दुसऱ्या रात्री पुन्हा येते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या शेवटातील शहाणपण जाणवेल.

पाश्चात्त्य बालचित्रपटांतील एका मान्यवर कृतीशी तुलना केली असता हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. ‘द विझर्ड ऑफ ओझ’ (१९३९) या अमेरिकन चित्रपटात डॉरथी ही मुलगी वादळात सापडून अद्भुत देशात जाते. शेवटी तिचा कुत्रा पडदा ओढतो आणि महाजादूगार म्हणून मिरविणारा गृहस्थ यंत्रे फिरविणारा साधा मनुष्य निघतो. पुढे ती आपल्या घरी अंथरुणावर जागी होते. भोवतीचे लोक हे सारे स्वप्न मानतात. या चित्रपटाचे आकर्षणही आठ दशकांहून अधिक टिकले आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तेथे गुपित शेवटी फुटते आणि त्या फुटण्यात थोडी निराशा अटळपणे मिसळते. अद्भुताला स्वप्नाच्या कुंपणात ठेवल्याखेरीज घर सुरक्षित होत नाही. फाळके गुपित आरंभी फोडतात, त्यामुळे शेवटी फुटण्यासारखे काही उरत नाही. अद्भुत देश आणि घर असे दोन प्रदेशही येथे नाहीत. ज्या गावात लोणी चोरले जाते, त्याच गावाच्या डोहात नाग असतो, आणि मूल डोहातून निघून थेट आईच्या मिठीच्या अंतरावर येते. एका कृतीत अद्भुतापासून घराकडे परतणे आहे. दुसरीत अद्भुत घराच्याच पायऱ्यांशी वाहते आहे.

येथे काही आक्षेप संभवतात. चित्रपटाची वीण सैल आहे : पूर्वार्धातील खोड्या आणि उत्तरार्धातील झुंज यांना जोडणारा कार्यकारणभाव दुबळा आहे, आणि पहिल्या भागातील काही प्रसंग काढून टाकले तरी कथा अडत नाही. कॅमेरा बहुतांशी रंगभूमीसमोरच्या प्रेक्षकासारखा एका जागी बसलेला असतो. काठावरच्या शोकात ठरीव हातवारे आहेत. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) या आधीच्या चित्रपटात कंसाला होणाऱ्या भासात मस्तक धडावेगळे होऊन वर जाते. ती करामत पाण्याखालच्या झुंजीपेक्षा अधिक सफाईदार आहे, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. हे दोष मान्य केलेच पाहिजेत. मात्र त्यांतून एक गोष्ट सिद्ध होते. सफाई हीच जर आकर्षणाचे कारण असती, तर अधिक सफाईदार दृश्य अधिक प्रिय झाले असते. ‘कालिया मर्दन’ स्मरणात राहतो तो मंदाकिनीच्या मुद्रेमुळे, त्या मुद्रेतील ‘बघा, मी आता करून दाखविते’ या उत्साहामुळे.

दुसरा आक्षेप असा, की ही दृष्टी एका जुन्या समाजाची होती आणि त्या समाजाबरोबरच ती मावळली. याला पुढच्या काळाने दिलेले उत्तर काहीसे गमतीचे, परंतु विचारार्ह आहे. महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ (१९९०) या चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा बाटलीतील इवलासा गंगाराम आहे आणि कवटीचा मुखवटा घातलेला खलनायक आहे. या खलनायकाचे नाव कवट्या महाकाळ. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ हे तालुक्याचे गाव ज्याला ठाऊक आहे, त्या मुलाला हा श्लेष तत्काळ कळतो. एस.टी.च्या पाटीवर वाचलेले गाव मुखवटा घालून समोर उभे राहते, तेव्हा ते मूल हसते. आणि हसून झाल्यावरही मुखवट्याला भिते. ‘धडाकेबाज’ आणि ‘कालिया मर्दन’ यांची कलात्मक तुलना करण्याचा हेतू येथे नाही. दोहोंचे प्रयोजन आणि दर्जा भिन्न आहेत. परंतु विदूषकाच्या थट्टेनंतर येणारा राक्षस, मुलीच्या ओळखीनंतर येणारा कृष्ण आणि श्लेषानंतर येणारा कवट्या महाकाळ यांच्यासमोर बसलेले मूल एकाच पद्धतीने पाहत असते, हे नाकारता येत नाही.

म्हणून पौराणिक चित्रपटाचा प्रेक्षक भोळा होता, हे गृहीत यापुढे तपासूनच वापरले पाहिजे. हात जोडणारा प्रेक्षक फसलेला असतोच असे नाही. शिराळ्याची स्त्री मातीच्या नागाला दूध-लाह्या दाखविते तेव्हा तिला माती आणि नाग यांतील भेद कळत नसतो काय? तसाच तंबूत बसून मंदाकिनीला नमस्कार करणारा शेतकरीही, ती फाळक्यांची मुलगी आहे, हे आरंभीच पाहून चुकलेला होता. या ज्ञानासह केलेला नमस्कार हा अज्ञानाचा पुरावा मानणे म्हणजे रसप्रतीतीचे स्वरूपच न ओळखणे होय. मराठी चित्रपटाच्या अभ्यासाने आजवर फाळक्यांकडे जनक म्हणून पुष्कळ पाहिले. बालकांसाठी, आणि प्रौढांतील बालकासाठी, अद्भुताची एक खास रीत सिद्ध करणारा कलावंत म्हणून त्यांच्याकडे पाहणे अद्याप बाकी आहे. तो अभ्यास करताना केवळ नाशिक-मुंबईची कागदपत्रे पुरणार नाहीत. सांगलीच्या नाट्यगृहापासून शिराळ्याच्या पेठेपर्यंत आणि गवळणीच्या फडापासून जत्रेतील चित्रपटाच्या तंबूपर्यंत ज्या पाहण्याच्या सवयी या खोऱ्यात घडत गेल्या, त्यांचीही नोंद त्यासाठी घ्यावी लागेल.